स्लॅबखालचे धिरे आणि सहीचा दाखला

पुण्यात बालेवाडी येथे २९ जुलै २०१६ रोजी एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्लॅबचे काम चालू असता तो कोसळला आणि नऊ कामगार प्राणास मुकले. अशा दुर्घटनेनंतर पंचनामा होतो, गुन्हा दाखल होतो, नुकसानभरपाई जाहीर होते, आणि सिमेंट निकृष्ट होते काय, सळई कमी पडली काय, याची चर्चा वर्तमानपत्रांतून होते. परंतु ओला माल ज्यांच्या आधारावर तोलला जातो त्या धिऱ्यांचा हिशेब कोणी केला होता, आणि माल टाकण्यापूर्वी ते कोणी तपासले होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. माझ्या मते प्रत्येक चौकशीचा प्रारंभच ह्या प्रश्नाने व्हावयास हवा.

काँक्रीट ओले असते तोवर त्याच्या अंगी बळ कसलेच नसते, केवळ वजन असते. घनमीटरास सळईसकट सुमारे अडीच टन धरले, तर चार मीटर रुंद व पाच मीटर लांब अशा खोलीवरील सहा इंची स्लॅब साडेसात टनांच्या घरात जातो. त्यावर माणसे, व्हायब्रेटर, पंपाच्या नळातून एकाच जागी पडलेला मालाचा ढीग आणि त्या नळाचे हिसके यांचा भार निराळा. उभा धिरा सहसा चिरडून मोडत नाही, तो वाकून मोडतो. आणि अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने दाखवून दिल्याप्रमाणे बारीक खांबाची आधाराविना असलेली उंची दुप्पट झाली, की वाकण्यास विरोध करण्याची त्याची शक्ती चौथाईवर येते. धिऱ्यांना मध्यावर दोन्ही दिशांनी जखडणारे आडवे पाइप आणि तिरपे आधार, जे घाईच्या कामात सर्वांत आधी गाळले जातात, त्यांचे मोल यावरून कळावे.

एखाद्या चालू कामावर स्लॅबखाली घटकाभर शिरून निरखून पाहावे. लोखंडी धिऱ्याच्या भोकात मूळच्या पिनेऐवजी सळईचा तुकडा अडकवलेला असतो. उंची पुरत नाही म्हणून तळाशी दोन विटा सरकवलेल्या असतात. तळमजल्यावर तर एका पावसाने खचेल अशा भरावाच्या सैल मातीवर धिरा थेट टेकवलेला असतो, आणि ओळंबा लावून पाहिल्याची खूण कोठेच दिसत नाही. सर्वत्र अशीच स्थिती असते असे मी म्हणत नाही. पण गल्लीबोळांतील चार-पाच मजली कामांवर ती विरळाही नाही. वर मात्र नारळ फुटलेला असतो, पेढे वाटले जात असतात, काँक्रीटच्या गाड्या रांगेने उभ्या असतात, आणि ‘आता थांबा’ असे म्हणण्याचा अधिकार खाली उभ्या असलेल्या कोणापाशीही नसतो.

धिरे उभारण्याइतकेच ते उतरवणेही जोखमीचे. साध्या सिमेंटच्या कामात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालील धिरे किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याखालील १४ दिवस, आणि सहा मीटरहून लांब तुळयांखालील २१ दिवस हलवू नयेत, असे भारतीय मानक ४५६ सांगते. राखमिश्रित सिमेंटास याहून अधिक अवधी द्यावा लागतो. शिवाय वरच्या मजल्याचा ताजा भार धिऱ्यांवाटे खालच्या कोवळ्या स्लॅबवर उतरत असल्यामुळे त्याच्याही खालचे मजले टेकून ठेवणे भाग असते. छज्ज्याचे धिरे मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे सैल करीत यावेत. उलट क्रमाने काढल्यास टोकाच्या धिऱ्यावर अडकलेला छज्जा मध्येच लवतो आणि ताण त्याच्या खालच्या अंगास येतो, मुख्य सळई मात्र छज्ज्याच्या वरच्या अंगास असते.

हे सारे ठाऊक असूनही पाळले जात नाही, त्याचे कारण मला मक्त्याच्या रचनेत दिसते. सेंट्रिंगचा मक्ता चौरस फुटाच्या दराने दिला जातो. प्लेटा आणि धिरे हेच त्या मक्तेदाराचे भांडवल, आणि ते जितक्या लवकर मोकळे होतील तितक्या लवकर दुसऱ्या कामावर लागतील. आर.सी.सी. सल्लागार सळईचा नकाशा देतो, लोखंड तपासतो, सही करतो. त्या लोखंडाखालचे धिरे मुकादमाच्या अनुभवावर सोपवले जातात. अपघात झाला की अटक मात्र बहुधा मुकादमास होते, हा मला उघड अन्याय वाटतो. नियमांची वाण नाही: भारतीय मानक १४६८७ हे १९९९ पासून केवळ याच विषयास वाहिलेले आहे. उणीव आहे ती जबाबदार माणसाच्या नावाची. इंग्लंडात १९७२ साली रेडिंगजवळ लॉडन नदीवरील पुलाचे तात्पुरते आधार कोसळून तीन माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा नेमलेल्या ब्रॅग समितीने १९७५ च्या अहवालात अशा आधारांची रचना कायम बांधकामाइतक्याच काळजीने व्हावी आणि प्रत्येक कामावर त्यांसाठी एक जबाबदार इसम असावा, असे बजावले. पुढे तेथे माल टाकण्यास एक आणि आधार काढण्यास दुसरी, अशी लेखी परवानगी घेण्याचा प्रघात पडला.

आपल्याकडे यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. खर्च वाढेल हा आक्षेप मला टिकाऊ वाटत नाही, कारण एक नकाशा आणि अभियंत्याची तासाभराची फेरी यांचा खर्च एका स्लॅबच्या मालापुढे क्षुल्लक आहे. पुणे-मुंबईत आज कितीतरी गृहनिर्माण संस्था पुनर्विकासाचे करारनामे करीत आहेत. त्यांच्या कार्यकारिणीस माझी विनंती एवढीच, की धिऱ्यांचा स्वतंत्र नकाशा, आणि प्रत्येक स्लॅबपूर्वी व धिरे काढण्यापूर्वी अभियंत्याच्या सहीचा दाखला, ही दोन कलमे करारनाम्यात घालून घ्यावीत, आणि पहिला दाखला हाती येईपर्यंत पंप सुरू होऊ देऊ नये.