लवकर आलेला बारावा गडी

मे महिन्यात आमच्या दाराची घंटा वाजली, की बाहेर आंबेवाला तरी असतो, नाहीतर कोणाचे तरी वडील. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे मराठीसाठी कोणी येत नाही, हे मी केव्हाच मान्य केले आहे. लोक येतात ते प्रवेशाची चौकशी करायला.

यंदा परळचे एक गृहस्थ आले. बरोबर चिरंजीव, आणि चिरंजीवांच्या खांद्यावर जवळजवळ त्यांच्याएवढीच किटबॅग. दहावीची परीक्षा मार्चात झालेली, निकाल यायचा होता, प्रवेश तर आणखी पुढे. गृहस्थांनी चहाचा कप हातात घेतला आणि मुद्द्यावर आले.

"सर, प्रवेशाचे होईल तेव्हा होईल. पण तोवर कॉलेजच्या नेटमध्ये याला उभे राहू दिले तर? बाकीची मुले जुलैत उगवतील. तोपर्यंत हा कोचच्या नजरेत भरलेला असेल. पहिल्याच वर्षी संघात येईल की नाही, तेवढे सांगा."

मला चटकन उत्तर देता येईना. कारण त्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आमच्या आतल्या खोलीत पालथे पडून झोपले होते. पण ते पुढे सांगतो.

हा प्रश्न काही त्या गृहस्थांचा एकट्याचा नाही. दादर-माटुंग्याच्या मैदानांवर झाडाच्या सावलीत पिशवी सांभाळत बसलेल्या प्रत्येक आईबापाच्या मनात तो असतो, आणि त्याचे उत्तर म्हणून प्रत्येकाच्या जिभेवर एकच नाव असते. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या शाळेत शिकत होता. थोरल्या भावाने, अजितने, त्याला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे नेले. सरांनी शाळा बदलायला सांगितले. मुलगा दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात आला, आणि वांद्र्याहून रोजची ये-जा फार होते म्हणून पार्काजवळ काका-काकूंकडे राहू लागला. १९८८च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात त्याने आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. त्याच वर्षी डिसेंबरात वानखेडेवर गुजरातविरुद्ध रणजीच्या पहिल्याच सामन्यात शतक, आणि १९८९च्या नोव्हेंबरात कराचीला कसोटी. पालक म्हणतात, बघा, लवकर योग्य जागी गेला म्हणून झाले!

पण या कथेतले मधले एक पान सगळेजण उलटून टाकतात. मुंबईच्या रणजी संघात सचिनची निवड पहिल्यांदा झाली ती १९८७च्या नोव्हेंबरात. त्या हंगामात अंतिम अकरात त्याला एकदाही घेतले नाही. बदली क्षेत्ररक्षक म्हणून तो मैदानात धावायचा, एवढेच. पुढच्या वर्षी दिलीप वेंगसरकरांनी त्याला वानखेडेच्या नेटमध्ये कपिल देवसमोर खेळताना पाहिले आणि मग दार उघडले. म्हणजे ज्याच्या नावाने आपण मुलांना लवकर उठवतो, त्यालाही एक वर्ष बाहेर बसावे लागले होते.

आणि त्या ६६४च्या दिवसाला आणखी एक मुलगा होता. पॅड बांधून तंबूत बसलेला. आता जाईन, मग जाईन म्हणता म्हणता त्याची पाळी आलीच नाही. तो अमोल मुजुमदार. सरही तेच, शाळाही तीच. १९९४ साली रणजीच्या पहिल्या सामन्यात त्यांनी हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. पदार्पणात इतक्या धावा तोवर जगात कोणी केल्या नव्हत्या. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, मुंबईचे कर्णधारपद, रणजी करंडक. भारताच्या संघात मात्र एकदाही जागा मिळाली नाही. ज्या जागा हव्या होत्या तिथे आधीच मोठमोठी माणसे बसली होती.

हे सगळे मला ठाऊक होते. तरीही दोन वर्षांपूर्वी मी माझ्या बहिणीला जे सांगितले ते सांगितलेच.

माझी धाकटी बहीण डोंबिवलीला असते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, शाळेच्या संघात मधल्या फळीत खेळायचा. त्याची दहावीची परीक्षा संपली त्या संध्याकाळी मी फोन केला, "आत्ताच पाठव त्याला आमच्याकडे. एप्रिलपासून नेटमध्ये जाऊ दे. जुलैत मुले येतील तेव्हा हा घरचा झालेला असेल. पहिल्या वर्षी संघात असेल, माझा शब्द." बहिणीने एवढेच विचारले, "दादा, मे महिना तरी घरी राहू दे ना? सगळे गावी जाणार आहोत." मी म्हणालो, मे महिन्यातच तर खरी कमाई आहे.

माझ्या त्या उत्साहाचे कारणही सांगून टाकतो. कॉलेजात असताना मला संघात जागा मिळाली नव्हती. मी स्कोअरर होतो. तीन वर्षे मी दुसऱ्यांच्या धावा सुवाच्य अक्षरात लिहिल्या. ज्याचे नाव स्वतःला वहीत लिहिता आले नाही, तो भाच्याचे नाव लिहायची घाई करणारच.

भाचा आला. गावी गेला नाही. आंबे त्याच्या वाट्याला आले ते डोंबिवलीहून लोकलमध्ये चेपून आलेल्या पिशवीतले. रोज पहाटे उठून जायचा, उन्हात काळवंडून यायचा. कोच त्याला मनापासून शिकवत होते. आणि तिथेच गंमत झाली. ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला उगीच बॅट लावायची त्याची खोड त्यांना एप्रिलातच दिसली. ती मोडायला त्यांनी घेतली. जुलैत निवड आली तेव्हा जुनी खोड पुरती गेली नव्हती आणि नवे वळण पुरते बसले नव्हते. तो चाचपडत खेळला. त्याच सुमारास लालबागचा एक मुलगा प्रवेश घेऊन आला. गल्लीत टेनिस बॉलवर वाढलेला, नेटमध्ये यापूर्वी फारसा न गेलेला. पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर, जिथे चेंडू कधी थांबून येतो तर कधी घसरून, त्याने असे काही टोले हाणले की कोच पाहतच राहिले. जागा त्याला मिळाली. आमचा भाचा बारावा गडी झाला.

रात्री जेवताना तो म्हणाला, "मामा, मी लवकर आलो ना, म्हणून सरांना माझ्या चुका लवकर कळल्या."

आम्ही हसलो. पण पुढचे हसण्यासारखे नव्हते. एकदा संध्याकाळी तो गॅलरीत उभा राहून आईशी फोनवर बोलत होता. मी आत पेपर तपासत होतो. तो सांगत होता, "हो, खेळलो ना आज. चौदा काढल्या." मी लाल पेन खाली ठेवले. त्या सामन्याला मी स्वतः माटुंग्याच्या दडकर मैदानावर गेलो होतो. त्याने दिवसभर पाणी नेले होते आणि हातमोजे पोचवले होते. जुन्या स्कोअररला न काढलेल्या चौदा धावा फार बोचतात. आणि त्या खोट्या धावा खरे तर माझ्या होत्या. मी शब्द दिला नसता, तर त्या पोराला आईपुढे हिशेब जुळवावा लागला नसता.

तो झोपल्यावर मी बहिणीला फोन केला आणि सगळे सांगितले. म्हटले, त्याला रागावू नकोस, चूक माझी आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, मला तेव्हाच कळले होते. खरेच खेळला असता तर आधी बाद कसा झाला ते सांगितले असते. धावा मागून."

आता परदेशातले एक उदाहरण, कारण हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. तिथे कॉलेजच्या फुटबॉलचे वेड आपल्या क्रिकेटहून कमी नाही. हा फुटबॉल त्यांचा, पायापेक्षा हाताने जास्त खेळायचा. हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होतो, पण निवडक मुले शाळा डिसेंबरातच आटोपून जानेवारीत कॉलेजात दाखल होतात, म्हणजे वसंतातला सराव त्यांना मिळतो. ट्रेव्हर लॉरेन्स नावाचा मुलगा २०१८च्या जानेवारीत असाच क्लेमसन विद्यापीठात गेला. हंगामाच्या पाचव्या सामन्यापासून तो सुरुवातीच्या संघात आला, आणि पुढच्या जानेवारीत क्लेमसन राष्ट्रीय विजेता ठरला. त्याच्या वर्षभर आधी टुआ टागोवाइलोआ हा मुलगा अलाबामात असाच लवकर गेला होता. तो मात्र जवळजवळ सगळा हंगाम राखीव राहिला. २०१८च्या जानेवारीतल्या अंतिम सामन्यात, संघ मागे पडलेला असताना, उत्तरार्धात त्याला उतरवले, आणि त्याने सामना जिंकून दिला.

माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, लवकर जाणाऱ्यांना खेळायला मिळते, हे दिसतेच आहे." मी म्हटले, बाबा रे, पहाटे पाचला उठणारी मुले वर्गात पहिली येतात हेही दिसतेच; पण पहिली येणारी मुलेच बहुधा पाचला उठतात. जानेवारीत बोलावतात कोणाला? ज्यांच्यावर आधीच सगळ्यांचा डोळा असतो त्यांना. मग ते खेळले, तर श्रेय जानेवारीचे की त्यांच्या हाताचे, हे वेगळे कसे काढणार?

मग लवकर येण्यात काहीच नाही का? तसेही म्हणवत नाही. अजित वाडेकरांची गोष्ट या शहरात सर्वांना ठाऊक आहे. गणितात हुशार मुलगा, इंजिनिअर व्हायचा. एल्फिन्स्टन कॉलेजला जायच्या बसमध्ये बाळू गुप्ते भेटायचे. एके दिवशी त्यांनी विचारले, बारावा गडी म्हणून येतोस का? दिवसाला तीन रुपये भत्ता होता. वाडेकर गेले. १९५८-५९मध्ये ते रणजी खेळले आणि भरपूर धावा करूनही कसोटीसाठी त्यांना १९६६च्या डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. १९७१ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या. जवळ असणाऱ्याला हाक ऐकू येते, एवढा जवळ असण्याचा फायदा खरा. पुढची आठ वर्षे मात्र ज्याची त्यालाच काढावी लागतात.

भाच्याचेही तसेच झाले. बारावा गडी म्हणून वावरताना त्याला खेळपट्ट्या कळल्या, कोण कधी बिचकतो ते कळले, आणि त्या लालबागच्या मुलाशी मैत्रीही झाली. रविवारी दोघे आमच्याकडे जेवायला असतात, आणि आमटी दुप्पट करावी लागते. बारावीच्या वर्षी भाचा संघात आला आणि टिकला. पहिल्या डावात किती काढल्या ते त्याने आईला सांगितलेच नाही. आधी अर्धा तास, बाद कसा झालो ते सांगत होता.

मी कोचना विचारले, "आधीच्या त्या चार महिन्यांचा उपयोग झाला म्हणायचा का?" ते म्हणाले, "जुलैत आला असता तरी दुसऱ्या वर्षी खेळला असता कदाचित. कसे सांगणार सर? एकच मुलगा दोनदा वाढवून बघता येत नाही."

तर परळच्या त्या गृहस्थांना मी शेवटी सांगितले ते असे. "आणा त्याला. पण संघात येईल म्हणून आणू नका. मैदान, माणसे आणि स्वतःच्या चुका ओळखीच्या व्हाव्यात म्हणून आणा. त्याला कसलाही शब्द देऊ नका. आणि आधी पंधरा दिवस कुठेतरी आंबे खाऊ द्या."

गृहस्थांचे समाधान झालेले दिसले नाही. त्यांना हो किंवा नाही हवे होते. मुलाचा चेहरा मात्र आंब्यांच्या उल्लेखाने उजळला. जाताना त्याने आतल्या खोलीकडे पाहून विचारले, "सर, आत कोण आहे?" मी म्हटले, "आमचा बारावा गडी. आता अकरात असतो."

अमोल मुजुमदारांची गोष्ट मी अर्धी ठेवली होती. २०२३ साली ते भारताच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५च्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत त्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा आम्ही घरात सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होतो. भाचा दूरदर्शन संचाच्या अगदी जवळ जाऊन उभा होता. तो चषकाकडे पाहत नव्हता. कडेला उभ्या असलेल्या त्या गृहस्थांकडे पाहत होता.

गेल्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. भाऊबीजेला ती येणार आहे. फराळाचे काय काय आणू ते विचारून झाले, आणि मग हळूच म्हणाली, "दादा, ओवाळणी म्हणून एक मागू? पुढच्या मे महिन्यात पंधरा दिवस त्याला माझ्याकडे पाठव."

कोचना विचारायचे आहे अजून. पण मी हो म्हणून टाकले आहे. या वेळी शब्द बहिणीला दिला आहे, आणि तो पाळणे माझ्याच हातात आहे.