रिफंड कोणाच्या खिशातून?

आरक्षणाच्या खिडकीमागे बसणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला रिफंड म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल आणि प्रवाशाने प्रवासच केला नाही, तर त्याला पूर्ण भाडे परत मिळते. आपल्या मर्जीने तिकीट रद्द केले तर मात्र कापाकापी होते. दोष रेल्वेचा की मन प्रवाशाचे बदलले, हा फरक या नियमात मुळातच धरलेला आहे. टपाल खात्यातल्या जुन्या मंडळींना व्ही.पी. आठवत असेल. प्रकाशकाने पुस्तक व्ही.पी.ने धाडावे, पोस्टमन दारात उभा राहिल्यावर गिऱ्हाइकाने ‘नको’ म्हणावे, आणि पुस्तक टपालखर्चाच्या भुर्दंडासह प्रकाशकाकडे परत यावे, हा प्रकार नित्याचा होता. मोठ्या प्रकाशकाला त्याचे काही वाटत नसे. स्वतःच्या पैशाने एकच कवितासंग्रह काढणाऱ्याचे मात्र कंबरडे मोडत असे.

हाच तंटा आज एका निराळ्या बाजारात चालू आहे, आणि आपल्या घरातली तरुण मुले त्या बाजारात रोज ये-जा करतात, म्हणून त्याची दखल घेणे आम्हाला आवश्यक वाटते. हा बाजार संगणकावरच्या गेमचा. या मालाला डबा नाही, तबकडी नाही. पैसे भरले की गेम तारेवरून घरी येतो. यातले सर्वांत मोठे दुकान ‘स्टीम’. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील व्हॉल्व्ह या कंपनीने ते २००३ साली सुरू केले. गेम बनविणारे वेगळे, दुकान वेगळे. प्रत्येक विक्रीतून दुकान सर्वसाधारणपणे ३० टक्के ठेवून घेते. २०१८ पासून एक कोटी डॉलरपुढच्या विक्रीवर २५ आणि पाच कोटींपुढे २० टक्के असा दर झाला. म्हणजे सवलत मिळाली ती मोठ्यांनाच, छोट्याचे ३० टक्के तसेच राहिले.

पहिली बारा वर्षे या दुकानाचा बाणा साधा होता: एकदा पैसे घेतले की परत नाहीत. गेम चालो वा न चालो. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये व्हॉल्व्हला तिथल्या फेडरल कोर्टात खेचले. कंपनीचा बचाव वाचण्यासारखा आहे. आम्ही ऑस्ट्रेलियात धंदाच करीत नाही, आमच्या कराराला वॉशिंग्टनचा कायदा लागू आहे, आणि सॉफ्टवेअर म्हणजे ‘वस्तू’ नव्हे! त्या देशात कंपनीची सुमारे २२ लाख खाती होती. मार्च २०१६ मध्ये कोर्टाने कंपनीविरुद्ध निकाल दिला आणि डिसेंबरात ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. अपील डिसेंबर २०१७ मध्ये फेटाळले गेले, आणि एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या हायकोर्टाने पुढे ऐकण्यास नकार दिला.

हा खटला चालू असतानाच, जून २०१५ मध्ये, व्हॉल्व्हने जगभरासाठी नवा नियम जाहीर केला. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल, तर कारण न विचारता पैसे परत. हे कंपनीचे औदार्य म्हणून सांगितले जाते. आम्ही ते तसे मानत नाही. सोनी कंपनीचे उदाहरण घ्या. गेम एकदा उतरवून घेतला की परतफेड नाही, असे ती ऑस्ट्रेलियातल्या गिऱ्हाइकांना सांगत राहिली, आणि जून २०२० मध्ये तिलाही ३५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड बसला. दुकानदारावर कायद्याचा हात पडला, तेव्हाच ग्राहकाच्या पदरात काही पडले.

परतीची मुदत किती असावी याला कोणते शास्त्र आहे म्हणाल, तर काही नाही. गूगलच्या फोनवरील दुकानात आधी २४ तासांची मुदत होती. डिसेंबर २०१० मध्ये ती एकदम १५ मिनिटांवर आणली गेली आणि २०१४ मध्ये दोन तासांवर गेली. पोलंडमधल्या जीओजी या दुकानाने २०२० मध्ये, गेम खेळून झाला असला तरी, ३० दिवसांपर्यंत पैसे परत देण्याचे ठरविले. पंधरा मिनिटे ते तीस दिवस! दुकानदाराच्या सोयीप्रमाणे आकडा ठरतो, एवढाच याचा अर्थ.

खेळणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर दोन तासांची सोय पुष्कळदा तोकडी पडते. गेमची खिडकी उघडी आहे तोवर घड्याळ चालू असते. मग तुम्ही खेळत असा, चित्र नीट दिसावे म्हणून खटपट करीत असा, की चहा घ्यायला उठलेले असा. डावपेचांचा एखादा मोठा गेम कळायलाच दहा तास लागतात, आणि बिघाड विसाव्या तासाला निघतो. जून २०१५ मध्ये, म्हणजे नवा नियम लागू झाला त्याच महिन्यात, बॅटमॅनचा ‘आर्कम नाइट’ हा गेम संगणकासाठी इतक्या वाईट अवस्थेत आला की एक-दोन दिवसांतच वॉर्नर कंपनीला विक्री थांबवावी लागली. ऑक्टोबरात तो परत आला तेव्हाही तक्रारी संपल्या नव्हत्या, आणि अखेर कितीही तास खेळलेल्यांना पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली. सदोष मालाला घड्याळ लावून चालत नाही हे तिथे दुकानाने आणि कंपनीने कृतीनेच मान्य केले.

डिसेंबर २०२० मधले ‘सायबरपंक २०७७’ चे प्रकरण याहून गाजले. वॉर्साच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचा हा गेम जुन्या यंत्रांवर धड चालेना. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला, पैसे परत देऊ केले, आणि तो परत ठेवला थेट जून २०२१ मध्ये. पण आमचे लक्ष जाते ते त्याआधीच्या महिन्यांकडे. सक्तीचे जादा काम लादणार नाही, असे या कंपनीने २०१९ मध्ये जाहीरपणे म्हटले होते. सप्टेंबर २०२० मध्ये तिनेच आठवड्याला सहा दिवस कामाचा हुकूम काढला. तारीख ठरविली वरच्यांनी, रात्री जागविल्या खालच्यांनी, आणि शिव्या पडल्या त्या सगळ्यांना मिळून. तरीही त्या वर्षात या गेमच्या १ कोटी ३७ लाख प्रती खपल्या. अशा कंपनीला रिफंडाचा फटका सोसण्यासारखा असतो.

न सोसण्यासारखा तो कोणाला असतो, हे ऑगस्ट २०२१ मध्ये दिसले. ‘एमिका गेम्स’ या नावाने काम करणाऱ्या एकट्या माणसाने ‘समर ऑफ ५८’ हा भयकथेचा छोटा गेम स्टीमवर आणला. तो साधारण दीड तासात संपतो. लोकांनी अभिप्राय चांगले दिले. पण गेम संपवून, दोन तास व्हायच्या आत, कित्येकांनी पैसेही परत घेतले. पुढचा गेम बनविण्यापुरते उत्पन्न हाती उरत नाही, असे सांगून या निर्मात्याने बेमुदत काळासाठी हे काम सोडत असल्याचे जाहीर केले. खानावळीत ताट चाटूनपुसून स्वच्छ करावे, ‘छान होते’ म्हणावे आणि गल्ल्यावरून पैसे परत न्यावेत, तशातला हा प्रकार. यात खेळणाऱ्याने नियम मोडला का? नाही. नियमच तसा आहे. फुकट खेळण्याचा मार्ग म्हणून ही सोय वापरू नये, असे दुकान म्हणते खरे, पण दीड तासाच्या गेमबाबत तेवढ्याने काय थांबणार?

लहान गेम म्हणजे हलका गेम, असेही नाही. कॅनडातल्या एका तरुणाचा ‘अ शॉर्ट हाइक’ हा २०१९ सालचा गेम दीड-दोन तासांतच संपतो, आणि २०२० मध्ये स्वतंत्र गेमच्या महोत्सवातले सर्वोच्च पारितोषिक त्यालाच मिळाले. घड्याळाचा नियम कामाची किंमत त्याच्या लांबीवर लावतो. मग निर्माता काय करणार? दीड तासाची गोष्ट तीन तासांपर्यंत ताणील, खेळणाऱ्याला उगाच इकडून तिकडे चालायला लावील. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने आपला ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आणला. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीची त्यांची मोहीम फसली होती. ‘राजी’ काही तासांचा आहे म्हणून तो या कचाट्यातून सुटतो. उद्या नाशिक-कोल्हापूरच्या चार मुलांनी तुटपुंज्या भांडवलावर पहिलाच गेम केला, तर तो लहानच असणार आणि या घड्याळाखाली सापडणार.

आता हिशेब पाहा. रेल्वेने उशिराच्या गाडीचे पूर्ण भाडे परत केले म्हणून त्या गाडीच्या गार्डचा किंवा ड्रायव्हरचा पगार कापला जात नाही. बोजा संस्था उचलते. स्टीमवर परतीची रक्कम निर्मात्याच्या खात्यातून वजा होते. दुकानाचे बुडते ते त्या एका विक्रीवरचे कमिशन, आणि त्याच्या फळीवर हजारो गेम मांडलेले आहेत. एकट्या निर्मात्याच्या फळीवर एकच. शिवाय गेम मांडण्यासाठी २०१७ पासून दर गेममागे १०० डॉलर आधी भरावे लागतात, आणि हजार डॉलरची निव्वळ विक्री झाल्यावरच ते परत मिळतात.

यावरून काही निर्माते रिफंडच बंद करा असे म्हणतात. त्याला आमचा साफ विरोध आहे. पगारातून पैसे बाजूला काढून मुलाला गेम घेऊन देणाऱ्या बापाने बिघडलेला माल का पदरात घ्यावा? ग्राहकही कामगारच आहे. ग्राहक आणि निर्माता यांनी एकमेकांच्या उरावर बसावे आणि मधल्याने कमिशन मोजावे, यात दोघांचेही हित नाही. आमच्या मते रेल्वेच्या नियमातला तोच जुना फरक इथे लागू केला पाहिजे. माल सदोष असेल तर तासांची अट नसावी. मन बदलले असेल तर मुदत गेमच्या लांबीच्या प्रमाणात असावी, म्हणजे समजा पाव भाग. दीड तासाच्या गेमला वीस-बावीस मिनिटे, चाळीस तासांच्या गेमला दहा तास. निर्माते लांबीबद्दल खोटे सांगतील ही भीती आम्हाला पटत नाही. कोण किती वेळ खेळला याची नोंद दुकानाकडे मिनिटामिनिटाची आहे. आणि परतीच्या भाराचा काही वाटा दुकानाने आपल्या ३० टक्क्यांतून उचलावा. एपिक कंपनीचे दुकान २०१८ मध्ये १२ टक्क्यांवर सुरू झाले, तेव्हा ३० टक्के ही काही दगडावरची रेघ नव्हे.

हे नियम लिहिताना गेम बनविणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. विचारणार तरी कोणाला? बरीच वर्षे त्यांची संघटनाच नव्हती. आता चित्र बदलू लागले आहे. सीडी प्रोजेक्टने २०२३ मध्ये सुमारे शंभर जणांना काढण्याचे जाहीर केल्यावर पोलंडमध्ये गेम कामगारांची युनियन उभी राहिली, आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत दूरसंचार कामगारांच्या जुन्या युनियनच्या आधाराने संपूर्ण गेम उद्योगासाठी संघटना जाहीर झाली. तिथल्या मागण्यांत प्रामुख्याने नोकरकपात आणि कामाचे तास आहेत. रिफंडाचा प्रश्नही त्या टेबलावर यायला हवा, कारण एकटादुकटा निर्माता दुकानापुढे उभा राहू शकत नाही हे २०२१ मध्ये दिसून चुकले आहे.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष माल परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे, आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. घरात मुलांनी असा गेम घेतला आणि तो चालत नसेल, तर दोन तास उलटायच्या आत दुकानाकडे अर्ज करावा, आणि दाद लागली नाही तर हा क्रमांक फिरवावा.

नियम बदलणे दुकानाला जड जाते, असे कोणी समजू नये. अधिक पैसे भरणाऱ्यांना काही गेम प्रकाशनाच्या आधी खेळायला मिळतात. ते तास पूर्वी दोन तासांत धरले जात नसत, त्यामुळे कित्येक तास खेळूनही पैसे परत मागता येत. एप्रिल २०२४ मध्ये व्हॉल्व्हने नियमात थोडा बदल करून ही पळवाट बुजविली. लहान गेमचा निर्माता मात्र २०१५ मध्ये जिथे होता तिथेच, त्याच दोन तासांखाली उभा आहे.