उभ्या गाडीतली गळती

पळणाऱ्या मोटारीचे दुखणे लपून राहत नाही. ती खडखडते, तापते, धूर सोडते. उभ्या मोटारीचे दुखणे मात्र मुके असते. रात्री कुलूप लावून आपण घरात जावे, चार दिवसांनी किल्ली फिरवावी, तो नुसते 'टक्' होऊन सारे शांत! मग गल्लीतल्या पोरांना हाका मारायच्या, गाडी ढकलायची आणि 'बॅटरी गेली' असा निकाल देऊन दुकान गाठायचे. आमच्या कोल्हापुरात ढकलायला माणसे कधी कमी पडत नाहीत, ही गोष्ट निराळी.

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्या गाडीला काम एकच. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातला काकूंना डायलिसिससाठी दवाखान्यात न्यायचे. तिथे यंत्रावरची पाळी बांधलेली; आपल्याला उशीर झाला तर मागच्या रोग्याचाही खोळंबा. आणि नेमकी सोमवारीच गाडी बसे. दीड वर्षात दोन नव्या बॅटऱ्या झाल्या. कोणी सोमवारच वाईट म्हणाले, कोणी पुढे लिंबू-मिरची बांधायला सांगितली. मास्तर जन्मभर विज्ञान शिकवलेले. पण त्यांनी तीही बांधली. घरात आजारी माणूस असले म्हणजे मनुष्य काय करणार?

शेवटी शिवाजी उद्यमनगरातले एक वायरिंगचे मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारले, "सोमवारी बसते म्हणता सर, मग गुरुवारी काय करते?"

"गुरुवारी कुरकुरते, पण निघते," मास्तर म्हणाले.

"मग बॅटरी बिचारी चांगली हाय. कुणीतरी रातचं पितंय तिला."

मला तर रोगाचे अर्धे निदान या एका प्रश्नातच झाले असे वाटते. सोमवार ते गुरुवार तीन दिवस होतात आणि गुरुवार ते सोमवार चार. समजा, बंद गाडीतून सतत पाव अँपिअर वीज गळते आहे. म्हणजे दिवसाला 6 अँपिअर-तास. बॅटरी 35 अँपिअर-तासांची. गुरुवारपर्यंत 18 गेले, म्हणजे निम्मी बॅटरी रिकामी; सोमवारपर्यंत 24 गेले. शिवाय दवाखाना अवघा तीन किलोमीटरवर, तेवढ्या फेरीत गेलेली वीज भरून येत नाही. सोमवारचा ग्रह वक्री नव्हता, हिशेबच तसा होता!

बंद गाडी थोडी वीज खातेच. घड्याळ, चोरघंटा, कुलपाची यंत्रणा यांना रात्रभर जागावे लागते. पण हा खर्च साधारण 0.02 ते 0.05 अँपिअरच्या आत असावा. त्याहून अधिक असेल तर घरात कोणी आगंतुक जेवतो आहे असे समजावे.

मिस्त्रींनी बॅटरीच्या ऋण टर्मिनलची वायर सोडवली आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडला, दहा अँपिअरच्या खुंटीवर. किल्ली कोणी फिरवायची नाही, अशी ताकीद दिली. कारण स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो आणि मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो. दाराचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवले, म्हणजे दार उघडे असूनही गाडीला ते मिटलेले वाटावे. आणि मग ते पायरीवर चहा घेत स्वस्थ बसले. अर्धा तास! हल्लीच्या गाडीत छोटे संगणक असतात, ते एकेक करून झोपी जातात. घाईने आकडा वाचणाऱ्याला भलताच चोर सापडतो. आकडा दोनावरून उतरत उतरत 0.28 वर आला आणि तिथेच अडला.

नंतर फ्यूजची पाळी. एकेक काढायचा आणि मीटरकडे पाहायचे. ज्या फ्यूजने आकडा पडेल, चोर त्याच्या वाटेवर. बहुधा डिकीतला किंवा समोरच्या खणातला न विझणारा दिवा सापडतो. पाच वॅटचा एवढासा दिवा, पण तो चार दिवसांत अशी बॅटरी पुरी पिऊन टाकतो. नाहीतर मागाहून बसवलेला रेडिओ. आमच्याकडे तर 2019 आणि 2021 च्या महापुरांत बुडालेल्या गाड्यांच्या जोडांत हिरवा गंज धरलेला असतो, तोही वीज झिरपवतो. इथे मात्र सारे फ्यूज निघाले आणि आकडा जागचा हलला नाही.

मिस्त्री हसले. त्यांनी ऑल्टरनेटरची जाड वायर सोडवून टोक कापडात गुंडाळले. आकडा 0.03! ही वायर आतल्या फ्यूजपेटीला न शिवता थेट बॅटरीकडे जाते, म्हणून फ्यूज काढून ती सापडत नाही. ऑल्टरनेटरमध्ये डायोड असतात. विजेने बॅटरीकडे जावे, परत येऊ नये म्हणून बसवलेले दरवाजेच ते. त्यातला एक झिजला होता. जुन्या डायनामोच्या गाड्यांत हेच काम कट-आऊट करी, आणि त्याचे पॉइंट चिकटले की बंद गाडीचा डायनामो हाताला गरम लागे.

मग दुकानदाराने दोनदा बॅटरी खराब ठरवली, ती लबाडी होती काय? मुळीच नाही. 1859 साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी केली. तिचा स्वभाव आजही तोच आहे. ती रिकामी पडून राहिली की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि ती खरोखरच मरते. दुकानदाराने प्रेत पाहिले, मारेकरी पाहिला नाही.

मिस्त्रींनी डायोडच्या दुरुस्तीखेरीज तीन तासांची मजुरी मागितली, तेव्हा मास्तरांचे चिरंजीव म्हणाले, "नुसतं बघायचे एवढे?" हा प्रश्न मला खटकला. बॅटरी हातात घेता येते, म्हणून तिचे हजारो रुपये आपण मुकाट्याने मोजतो. शोधणे दिसत नाही, म्हणून ते फुकट हवे! दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक पाहायला आम्ही टाचा उंचावून उभे राहतो; अशा गाड्या चालत्या ठेवणाऱ्या हातांची मजुरी मात्र आपल्याला जड वाटते. मास्तरांनी पुरे पैसे दिले.

जाताना मिस्त्रींनी एक स्वस्तातला मीटर आणायला सांगितला. उभ्या गाडीच्या बॅटरीचा दाब 12.4 व्होल्टच्या वर असला तर निश्चिंत झोपावे, 12.2 च्या खाली गेला तर रात्रीच फोन करावा. मास्तर आता दर रविवारी निजण्यापूर्वी बॉनेट उघडतात आणि काकूंच्या औषधांच्या वहीत, वजन आणि रक्तदाबाच्या शेजारी, तोही आकडा टिपतात. गेल्या रविवारी तो 12.5 होता.