पंधराशेची मॅट, वीस रुपयांचा फोम आणि शिवून टाकलेली कड

पोस्ट जरा मोठी आहे, चहा घेता घेता वाचा. विषय खेळण्याचा आहे, पण घरात लहान मूल नसलं तरी तुमच्या खिशाशी त्याचा संबंध आहे.

डान्स मॅट बऱ्याच जणांनी पाहिली असेल. जमिनीवर अंथरायची प्लॅस्टिकची चटई, तिच्यावर चार दिशांचे बाण. टीव्हीवर जो बाण येईल त्यावर गाण्याच्या ठेक्यात पाय टाकायचा. जपानच्या कोनामी कंपनीनं १९९८ मध्ये 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' नावाचं मशीन गेम पार्लरमध्ये आणलं आणि हा प्रकार जगभर गेला. त्याची गरीब आवृत्ती म्हणजे आपल्याकडे हजार-पंधराशेला मिळणारी ही गुंडाळायची मॅट.

आता कुणी म्हणेल, गावात पाणी चार दिवसाआड येतंय आणि हा पत्रकार खेळण्यावर लिहितोय. अहो, पण आपल्या तालुक्याच्या गावात सातवी-आठवीनंतरच्या मुली मैदानावर किती दिसतात, ते एकदा मोजून बघा. मैदान मुलांचं, व्यायामशाळा मुलांची. मुलीला घाम गाळायला उरते ती घरातली सहा बाय चारची जागा. तिथं ती मॅट अंथरून अर्धा तास उड्या मारत असेल, तर माझ्या लेखी ते मैदानच आहे. आणि ते मैदान आठ महिन्यांत बंद पडत असेल, तर तो सार्वजनिक प्रश्न आहे.

आमच्या घरी तेच झालं. डावा बाण मेला. पोरगी उडी मारतेय, टीव्ही म्हणतोय चुकलीस. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर ठरलेलं : वॉरंटी सहा महिन्यांची होती, सुटा पार्ट मिळत नाही, नवीन घ्या, सवलत देतो.

मग कडेची शिवण ब्लेडनं उसवली. आत काय निघालं ते सांगतो, कारण खरी गंमत तिथंच आहे. दोन पातळ प्लॅस्टिकचे पत्रे, आतल्या बाजूनं वीज वाहणाऱ्या काळपट रेघा छापलेल्या. दोन्हीच्या मधे फोमचा थर, बाणांच्या जागी त्याला भोकं. पाय पडला की वरचा पत्रा भोकातून खालच्याला टेकतो आणि सर्किट पूर्ण होतं. पाय उचलला की फोम दोघांना पुन्हा वेगळं करतो. दाराच्या बेलचं बटण आणि हे, तत्त्व एकच.

म्हणून बिघाडही ठरावीकच. बाण सतत दाबलेला दाखवत असेल तर फोम चेपलाय, पत्र्याला सुरकुती पडलीय किंवा आत ओल गेलीय. एकच बाण मेला असेल तर त्याची छापलेली रेघ तुटलीय किंवा कंट्रोलच्या डबीपाशी तिची पकड सुटलीय. सगळेच एकदम गेले तर आधी वायर बघायची. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या, बीपवर ठेवा, एक टोक बाणापाशी आणि दुसरं रेघेच्या शेवटी. बीप थांबला की बिघाड सापडला.

आमच्या मॅटची रेघ घडीच्या जागी तुटली होती. त्या प्लॅस्टिकवर सोल्डरिंग करता येत नाही, पत्रा वितळतो. स्वच्छ कोरड्या फडक्यानं पुसलं, तुटल्या जागेवर ॲल्युमिनियम फॉइलची बारीक पट्टी दोन्ही टोकांना टेकेल अशी ठेवली, वरून चिकटपट्टी घट्ट दाबून लावली. चेपलेल्या फोमच्या जागी स्टेशनरीच्या दुकानातला वीस रुपयांचा फोम कापून घातला. बायकोनं कड पुन्हा शिवली. बाण चालू. आता मॅटची घडी घालत नाही, सैल गुंडाळी करून उभी ठेवतो.

एक इशारा : ही मॅट सेलवर किंवा यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालते, म्हणून घरी उघडा म्हणतोय. तेसुद्धा सेल किंवा वायर काढून. ज्यात थेट घरातली लाईट जाते किंवा चार्जिंगची लिथियम बॅटरी आहे, ते घरी उघडू नका. ते जाणकाराकडेच.

पण जाणकार उरलेत कुठं? स्टँडच्या मागं पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची दुकानं होती, आता तिथं मोबाईलची कव्हरं लटकतात. जे एक दुकान शिल्लक आहे, त्या काकांना मॅट दाखवली. ते म्हणाले, "काम दहा मिनिटांचं आहे हो. पण उसवायला आणि शिवायला तास जातो. त्या तासाची मजुरी सांगितली की गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्यात नवीन येईल." हे वाक्य नीट वाचा. आतला बिघाड स्वस्त आहे, महाग आहे ते आत शिरणं. आणि आत शिरणं महाग कुणी केलं? ज्यानं कड शिवून टाकली त्यानं. तिथं एक चेन लावली असती तर काकांचा धंदाही चालला असता आणि माझे पैसेही वाचले असते.

गेम पार्लरमधल्या मोठ्या मशीनचं बघा. त्याचे बाणाचे फलक स्क्रूनं बसवलेले असतात. फलक काढा, खालचा सेन्सर बदला, पुन्हा लावा. म्हणून वीस-वीस वर्षांची मशीन अजून चालतात. लाखोंचं मशीन घेणाऱ्या मालकाला स्क्रू, आणि पंधराशे मोजणाऱ्या बापाला शिवण.

सरकार काय करतंय? काहीच नाही असं म्हणणार नाही. ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. त्यासाठी क्षेत्रं निवडली चार : शेतीची अवजारं, मोबाईल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. पुढं २०२५ च्या मे महिन्यात दुसऱ्या एका समितीनं वस्तू किती दुरुस्त होऊ शकते याचा निर्देशांक सुचवला. त्याची सुरुवातही फोन आणि टॅब्लेटपासून. फ्रान्समध्ये असा दहापैकी गुणांचा निर्देशांक जानेवारी २०२१ पासून दुकानात वस्तूवर दिसतो.

खेळणी मात्र यात कुठंच नाहीत. खरं तर खेळण्यांवर सरकारची नजर आहे. १ जानेवारी २०२१ पासून त्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत व्हिडिओ गेमही आहेत. म्हणजे खेळणं सुरक्षित असावं याला नियम आहे, ते फेकल्यावर काय करायचं यालाही नियम आहे. मधल्या काळात ते दुरुस्त व्हावं, याला नाही.

काही जण म्हणतील, स्क्रू आणि चेन लावली तर किंमत वाढेल. वाढेल ना, थोडी. पण पंधराशेची वस्तू दर आठ महिन्यांनी घेण्यापेक्षा सोळाशेची तीन वर्षं वापरणं कुठल्याही गृहिणीला हिशेबात बसतं. आणि ज्या घरात दुसऱ्यांदा पंधराशे निघतच नाहीत, तिथं मॅट माळ्यावर जाते आणि पोरगी पुन्हा मोबाईल घेऊन बसते.

मागणी साधी आहे. दुरुस्तीच्या हक्काच्या यादीत सेल, वायर किंवा सर्किट असलेली खेळणी घ्या. ती न फाडता उघडता आली पाहिजेत. केबल आणि कंट्रोलची डबी सुटी मिळाली पाहिजे. आणि गावोगावच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी पोरं आहेत, त्यांना महिन्यातून एक रविवार नगरपालिकेच्या शाळेत बसवा. लोक बंद पडलेल्या वस्तू घेऊन येतील, पोरांचा हात बसेल. याला मंत्रालयाचा जीआर लागत नाही, मुख्याधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तरी होतं. या महिन्यात मी तसं लेखी पत्र देणार आहे.

तोवर आपण एक करू शकतो. खेळणं घेताना मार्क बघतो, किंमत बघतो, त्यासोबत दुकानदाराला विचारायचं, "हे उघडतं कुठून?" दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो होलसेलवाल्याला विचारेल.

तुमच्या माळ्यावर अशी कुठली वस्तू पडून आहे, खाली लिहा. पत्राला यादी जोडायची आहे.