किल्ल्यांचा जुडगा आणि एक चिठ्ठी

प्रति,
शिक्षण व संस्कृती कार्यालय,
भारतीय कॅथलिक बिशप परिषद,
नवी दिल्ली



पत्र मराठीत लिहिते आहे. दिल्लीत मराठी वाचणारं कोणी ना कोणी असेलच. नसेल तर आमच्याकडचा एखादा फादर वाचून दाखवील. बारा वर्षं मी इंग्रजी परिपत्रकं वाचून स्टाफरूममध्ये मराठीत समजावून सांगितली. एकदा उलटं होऊ द्या.

मी वसईतल्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित कॅथलिक शाळेची मुख्याध्यापिका होते. धर्मभगिनी नव्हे, प्रापंचिक. घरी नवरा, दोन मुलं, सासूबाई. शाळेत मुलं मला 'मोठ्या बाई' म्हणायची. मे २०२५मध्ये निवृत्त झाले, म्हणून आता लिहायला मोकळी आहे.

जून २०१३मध्ये मला चार्ज मिळाला तो वीस मिनिटांत. आधीच्या सिस्टरची बदली झाली होती आणि त्यांना अकराची गाडी गाठायची होती. जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेड स्टॉकचं रजिस्टर, लॉगबुक, सगळ्यांवर भराभर सह्या झाल्या. किल्ल्यांचा जुडगा हातात देताना त्यांनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेली एक चिठ्ठीही दिली. तिच्यात चार ओळी होत्या. गुरुवारी पाण्याला दाब नसतो, पंप एअर धरतो, समोर उभं राहावं. मुलींच्या शौचालयाची दुसरी किल्ली शिपाईमामांकडे. पाचवीतल्या जुळ्यांपैकी धाकट्याला फिट येते. ऑफिसात काहीही द्यायच्या आधी झेरॉक्स काढणे. सिस्टर रिक्षात बसल्या आणि मी केबिनमध्ये परत आले, तेव्हा दाराशी तीन माणसं उभी होती. तिघांनाही सही हवी होती.

ती चिठ्ठी हेच माझं प्रशिक्षण. सिस्टरना मी दोष देत नाही. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी चिठ्ठीसुद्धा दिली नव्हती.

मुख्याध्यापकाला वरिष्ठांची वाण नसते. धर्मग्रामाची शाळा असेल तर प्रमुख धर्मगुरू मॅनेजर असतात आणि काही वर्षांनी तेही बदलून जातात. त्यांच्यावर धर्मप्रांताचं शिक्षण मंडळ. धर्मभगिनींच्या संघाची शाळा असेल तर त्या संघाच्या प्रोव्हिन्शियल. सरकारी बाजूला केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, वेतन पथक. हे सगळे विचारणारे. पण रात्री साडेदहाला पोटात गोळा उठला तर मी कोणाला फोन करू, याचं उत्तर मला बारा वर्षांत मिळालं नाही. शिक्षकांच्या संघटनेत मुख्याध्यापक म्हणजे व्यवस्थापनाचा माणूस, आणि व्यवस्थापनाच्या बैठकीत तो पगारी नोकर.

एक उदाहरण देते, हसू येईल असं. आमच्याकडच्या पोरांची आडनावं डिसोजा, डिमेलो, डिसिल्व्हा. इंग्रजीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वर एक स्वल्पविराम लटकतो. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तो असतो, आधार कार्डावर कधी असतो कधी नसतो, शाळेच्या पोर्टलला तो कधी चालतो कधी चालत नाही. नाव जुळलं नाही की मुलाचं आधार अवैध. आधार अवैध म्हणजे मूल संच मान्यतेच्या, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या, पटात नाही. मूल रोज बाकावर बसतं, खिचडी खातं, पण कागदावर नाही. अशी सात-आठ मुलं गळली की पट घसरतो आणि एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. मग त्याचं समायोजन, म्हणजे घरापासून कुठेतरी लांबची शाळा. एका सप्टेंबरात मी आणि आमचे क्लार्क रात्री नऊपर्यंत बसून स्वल्पविराम शोधत होतो. ३० तारखेच्या आत सगळी नावं जुळली आणि गणिताचे सर वाचले. सरांना हे आजही ठाऊक नाही.

शिपाईमामा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयानुसार अनुदानित शाळांतली ही पदं रिकामी होतील तशी संपत जातात आणि शाळेला ठोक भत्ता मिळतो. त्या भत्त्यात दिवसभराचा माणूस आम्हाला मिळाला नाही. तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी पावणेसातला पंपासमोर मी उभी. साडी वर खोचून.

ही झाली सोसण्यासारखी दुखणी. आता न सोसण्यासारखं.

एका दुपारी सातवीतल्या एका मुलीनं वर्गशिक्षिकेला काही सांगितलं. माणूस शाळेबाहेरचा होता. याहून जास्त लिहीत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२चा. त्याच्या १९व्या कलमानुसार असं काही कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, २१व्या कलमानुसार न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि आरोपी हाताखालचा असेल तर गप्प बसणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. मला हे माहीत होतं, कारण मी ते स्वतः वाचलं होतं. मी वर फोन लावला. पलीकडून आवाज आला, ''दोन दिवस थांबा बाई, घरच्यांशी बोलून बघू. शाळेचं नाव आहे.'' मी थांबले नाही. संध्याकाळी मुलीच्या आईला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. रात्री साडेअकरापर्यंत बाकावर बसले. माझा नवरा बाहेर स्कूटरवर बसून होता, हातात स्टीलच्या डब्यात चपात्या. शाळेचा वकील नव्हता, संस्थेचा माणूस नव्हता, जबाबात कोणता शब्द लिहू नये हे सांगणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला मी वेळेवर हजर होते. त्या आठवड्यात वरून एक फोन आला. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्यांचं नाव अजून का कळवलं नाही, म्हणून.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडली आणि राज्यभर सीसीटीव्हीचा, समित्यांचा, पडताळणीचा पाऊस पडला. तो हवाच होता. पण कॅमेरे बसले की नाही हे विचारणारी पत्रं माझ्याकडे तीन ठिकाणांहून आली. तक्रार आली तर तुमच्या बाजूला कोण उभं राहील, हे सांगणारं एकही आलं नाही.

धर्मभगिनी मुख्याध्यापिकांबद्दल मी लिहिलं तर आगाऊपणा होईल, पण त्या स्वतः लिहिणार नाहीत. माझ्या ओळखीतल्या एक सिस्टर शाळेत प्रमुख, आणि त्यांच्या हाताखाली शिकवणाऱ्या दुसऱ्या सिस्टर कॉन्व्हेंटात सुपिरियर. दुपारी मेमो द्यायचा तिलाच आणि संध्याकाळी बाहेर जायची परवानगी मागायचीही तिच्याकडेच. पगार संघाकडे जातो. ७ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं अनुदानित संस्थांतल्या धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या पगारातून कर कापण्यावर शिक्कामोर्तब केलं. व्रत घेतलेल्या माणसाचा पगार त्याचा की संघाचा, यावर वर्षानुवर्षं कोर्टात भांडण चाललं. तेवढ्या चिकाटीनं त्या सिस्टरची दमणूक कोणाची, हा प्रश्न कोणी लढवलेला मी पाहिला नाही.

आता आम्ही प्रापंचिक. संघात नवीन मुली कमी येत आहेत, तेव्हा यापुढे आमच्यासारख्यांची संख्या वाढणार. तरीही आमची नेमणूक अनेकदा 'सध्यापुरती' असते. घर मालकाचं, राहा, पण भिंतीला खिळा ठोकू नका.

या नेमणुकांचा संबंध राज्यघटनेच्या ३०व्या कलमाशी आहे. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा आपण चालवण्याचा हक्क त्यानं दिला, आणि महाराष्ट्राच्या १९७७च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्यानं अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाची निवड नेहमीच्या सेवाशर्तींतून बाहेर ठेवली. म्हणजे सेवाज्येष्ठता बाजूला ठेवून तुम्ही आपल्या मनाचा माणूस नेमू शकता. हा हक्क मला प्यारा आहे. पण गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निवडीचा हक्क मान्य, ती निवड मात्र मनमानी असू नये, न्याय्य असावी. हे सांगायला न्यायालय लागावं? वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाईला निवडायचं नसेल तर बोलावून, समोर बसवून, कारण सांगता येतं. मी अशा दोघीजणींना स्टाफरूमच्या कोपऱ्यात डबा न उघडता बसलेलं पाहिलं आहे.

एप्रिल २०२४मध्ये तुमच्या कार्यालयानं देशभरच्या कॅथलिक शाळांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या. सकाळी राज्यघटनेचा सरनामा वाचावा, दुसऱ्या धर्माच्या मुलांवर आपल्या प्रथा लादू नयेत, स्वातंत्र्यसैनिकांची चित्रं लावावीत. चांगलं होतं. आमच्याकडे सरनामा जानेवारी २०२०पासून सरकारच्या आदेशानं वाचला जातच होता, त्यामुळे आम्ही फक्त चित्रांसाठी खिळे ठोकले. पण त्या सूचना ज्या वातावरणात लिहाव्या लागल्या, त्या वातावरणाची पहिली झळ गेटवर मुख्याध्यापकालाच लागते. नाताळच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पाच अनोळखी माणसं केबिनमध्ये येऊन बसतात, मोबाइल टेबलावर उभा करून रेकॉर्डिंग सुरू करतात आणि विचारतात, ''गोठा कशाला बनवताय?'' तेव्हा काय बोलायचं? मी चहा मागवला आणि आमच्या बालवाडीतल्या तीन राजांची नावं सांगितली: एक पाटील, एक शेख, एक यादव. पाटलांचा मुलगा बाहेर दाढी चिकटवून घेत होता, ते पाहून एकाला हसू आलं. निभावलं त्या दिवशी. दरवेळी दाढी मदतीला येईलच असं नाही.

जगात हे सगळीकडे असंच आहे, असं कोणी म्हणेल. तसं नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओत १९९८पासून कॅथलिक शाळांच्या मुख्याध्यापकांची स्वतःची परिषद आहे. त्याआधी तिथल्या सरकारनं मुख्याध्यापकांना शिक्षक संघटनांतून बाहेर काढलं होतं, आणि 'मग आम्ही कोणाचे?' या प्रश्नातून ती उभी राहिली. ऑस्ट्रेलियात २०११पासून दरवर्षी मुख्याध्यापकांच्या प्रकृतीची पाहणी होते: झोप, कामाचे तास, धमक्या, मारहाणसुद्धा. ती चालवणाऱ्या विद्यापीठाचं नाव ऑस्ट्रेलियन कॅथलिक युनिव्हर्सिटी. उत्तरं काळजी करण्यासारखी असली तर त्या मुख्याध्यापकाला मदत कुठे मिळेल हे कळवलं जातं. आम्हाला दरवर्षी यूडायसच्या सरकारी फॉर्ममध्ये शाळेत किती शौचालयं चालू आहेत ते भरावं लागतं. किती मुख्याध्यापक चालू आहेत, हा रकाना मला कुठे सापडला नाही.

मागणं मोठं नाही. नव्या मुख्याध्यापकाला जुन्याबरोबर निदान एक महिना एकाच केबिनमध्ये बसू द्या; बदल्या जूनच्या तोंडावर करायच्या असतील तर एप्रिलमध्ये सांगा. प्रत्येक धर्मप्रांतात एक वकील असा नेमा की ज्याचा नंबर मुख्याध्यापकाच्या मोबाइलमध्ये असेल आणि जो मॅनेजरच्या परवानगीची वाट न पाहता फोन उचलेल. पोक्सोची तक्रार वेळेत करणाऱ्या मुख्याध्यापकाच्या पाठीशी संस्था उभी राहील, हे लेखी द्या. आमची तीन दिवसांची रिट्रीट असते, तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी हमखास कोणीतरी प्रोजेक्टर लावून नवं पोर्टल समजावतं. ते बंद करा. त्या तीन दिवसांत आम्हाला फक्त एकमेकांजवळ बसू द्या. माझ्यासारखी दुसरी बाई दहा किलोमीटरवरच्या शाळेत त्याच स्वल्पविरामाशी झगडत होती, हे मला निवृत्तीच्या वर्षी एका लग्नात कळलं.

मी चार्ज दिला तेव्हा नव्या मुख्याध्यापिकेला चिठ्ठी नाही, वही दिली. दोनशे पानी, तीन चतुर्थांश भरलेली. पहिल्या पानावर पंप.

सप्टेंबरमध्ये एका रात्री पावणेअकराला तिचा फोन आला. १ सप्टेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होण्याची अट घातली. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सूट, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा. अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायदा लागू नाही, असं २०१४च्या निकालात ठरलं होतं. त्यावरच आता शंका घेऊन तो प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवण्याची शिफारस झाली. तिच्याकडे शिक्षण खात्याच्या ऑफिसातून टीईटी नसलेल्या शिक्षकांची यादी मागितली होती. स्टाफरूममध्ये पन्नाशीच्या बायका रडत होत्या. यादी द्यायची की नाही? दिली तर आपण आपला हक्क सोडला असं होईल का? नाही दिली तर पगार अडेल का?

तिनं मॅनेजरना विचारलं होतं. ते महिन्यापूर्वीच आले होते, तेही कोणाला तरी विचारणार होते.

मी तिला म्हटलं, झेरॉक्स काढल्याशिवाय काही देऊ नकोस. बाकीचं मला माहीत नाही. तिला उत्तर देणारा एक माणूस आणि त्याचा नंबर तुमच्याकडून हवा आहे. उद्या बुधवार, परवा ती सकाळी पावणेसातला पंपाजवळ असेल. त्याच्या आधी कळवलंत तर बरं.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
वसई