ठाकूरद्वारच्या गल्ल्या मुलांना परत मिळतील?

ठाकूरद्वार नाक्यापासून गिरगाव चौपाटी फार दूर नाही. तरीही वाडीतल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला एकट्याने तिकडे धाडण्याचे धाडस पालक करीत नाहीत, कारण वाटेत वाहनांचा अखंड ओघ असतो. मरीन ड्राइव्हवरील जिमखान्यांची मैदाने प्रामुख्याने सभासदांसाठी. आणि ज्या गल्ल्यांत एकेकाळी लगोरी, डबा ऐसपैस व क्रिकेटचे डाव रंगत, तेथे आता दुतर्फा वाहने उभी असतात. मुलांच्या हाती उरतो तो मोबाइल.

त्याची किंमत आरोग्याने मोजावी लागते. पाच ते १७ वर्षे वयोगटातील मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. जगातील ११ ते १७ वर्षांची ८१ टक्के मुले ती पूर्ण करीत नसल्याचे संघटनेच्या २०१९मधील अभ्यासात आढळले. दिवसाउजेडी बाहेर खेळणाऱ्या मुलांना दूरचे धूसर दिसण्याचा दोष जडण्याचा धोकाही कमी असतो.

रस्ता काही तास वाहनमुक्त ठेवण्याचे प्रयोग मुंबईला नवे नाहीत. नागरिकांच्या पुढाकाराने २०१४मध्ये वांद्रे परिसरात, तर तत्कालीन पोलिस आयुक्त संजय पांडे यांच्या कारकिर्दीत मार्च २०२२पासून नरिमन पॉइंटसह अनेक ठिकाणी रविवारी सकाळी रस्ते मोकळे करण्यात आले. मात्र हे उपक्रम मोठ्या रस्त्यांवर झाले. लहान मुलाला हवी असते ती घराच्या खिडकीतून दिसणारी जागा. ब्रिटनमधील ब्रिस्टल शहरात २००९मध्ये पालकांनी नेमकी राहती गल्लीच काही तास खेळासाठी राखली आणि ही पद्धत पुढे अन्य शहरांतही पसरली.

कायद्याची अडचण मोठी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार वाहतुकीवर तात्पुरते निर्बंध घालता येतात. खरा प्रश्न आहे तो उभ्या वाहनांचा, दुकानदारांच्या मालाचा आणि रुग्णवाहिका वा अग्निशमन बंबाला मोकळी वाट ठेवण्याचा. गल्लीच्या दोन्ही तोंडांशी रहिवासी स्वयंसेवक उभे राहिले, तर यातून मार्ग निघू शकतो.

पाडव्याच्या शोभायात्रेसाठी आणि गणेश विसर्जनासाठी गिरगावातील वाहतूक दरवर्षी वळविली जाते व गिरगावकर ती गैरसोय आनंदाने सोसतात. आठवड्यातून दोन तास तेच औदार्य आपल्या मुलांसाठी दाखविण्याची तयारी आहे का, एवढाच प्रश्न आहे.