वेळ विचारली, पत्ता कशाला?

मटण घेताना आपण विचारतो, हलाल आहे ना? बिस्किटाचा पुडा उलटून बारीक अक्षरांतले घटक वाचणारे, चॉकलेटमधले जिलेटीन कशापासून केले याचा छडा लावणारे, बँकेच्या व्याजाचे काय करायचे यावर इशानंतर तासभर मशिदीच्या दारात वाद घालणारे लोक आपल्यात कमी नाहीत. चांगली गोष्ट आहे. पोटात काय जाते आणि घरात काय येते, हे माणसाने विचारलेच पाहिजे. पण हीच चौकस माणसे मोबाईलवर नमाजाचे अ‍ॅप उतरवून घेताना एक प्रश्न विचारत नाहीत. हिरवा रंग दिसला, घुमट आणि चंद्रकोर दिसली, अजानचा आवाज गोड वाटला, की 'अलाऊ', 'अलाऊ', 'अलाऊ' असे तीनदा दाबून मोकळी होतात. ठावठिकाणा दिला, फोनमधले सगळे नंबर दिले, फोटोही दिले. बदल्यात काय मिळाले? मगरिबची वेळ, जी मशिदीच्या भिंतीवर आधीच लावलेली होती.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. जे साधन त्याच्या कामाला लागते त्याहून जास्त मागते, ते घेऊ नये. मग त्याच्या दारावर कोणत्याही धर्माचे चिन्ह रंगवलेले असो.

ही नुसती शंका नाही, घडलेली गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या 'मदरबोर्ड' या वृत्तस्थळाने एक बातमी दिली. 'मुस्लिम प्रो' हे सिंगापूरच्या कंपनीचे अ‍ॅप तेव्हा जगभर ९ कोटी ८० लाखांहून अधिक वेळा उतरवले गेले होते. या अ‍ॅपमधून लोकांचा ठावठिकाणा 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होता. एक्स-मोडचा धंदाच तो. दुसऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये आपला एक छोटा प्रोग्राम बसवायचा, त्याबद्दल अ‍ॅपवाल्याला पैसे द्यायचे, गोळा झालेला ठावठिकाणा पुढे विकायचा. आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकेच्या लष्करासाठी काम करणारे ठेकेदार होते. मुस्लिम प्रोने आपण लष्कराला काही विकल्याचे नाकारले आणि एक्स-मोडशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात अ‍ॅपल आणि गुगल यांनी अ‍ॅप बनवणाऱ्यांना एक्स-मोडचा तो प्रोग्राम काढून टाकायला सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये 'सलात फर्स्ट' या नमाजाच्या दुसऱ्या अ‍ॅपबद्दल तशीच बातमी आली. तिथे ठावठिकाणा 'प्रेडिसियो' या फ्रेंच कंपनीकडे जात होता. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड आणि तिची वारसदार कंपनी 'आउटलॉजिक' यांना दवाखाने, प्रार्थनास्थळे अशा नाजूक जागांचा ठावठिकाणा विकायला मनाई केली.

म्हणजे नमाजी माणूस किब्ल्याकडे तोंड करून उभा होता आणि त्याचा फोन भलतीकडेच तोंड करून बोलत होता.

आता मूळ प्रश्न. नमाजाची वेळ सांगायला अ‍ॅपला माझा ठावठिकाणा लागतो का? हिशेब करून पाहू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. महाराष्ट्राच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे साधारण १०५ किलोमीटर. मुंबई आणि पुणे यांत एका अंशाचा फरक आहे, म्हणून जोहरचा वक्त पुण्यात सुमारे ४ मिनिटे आधी सुरू होतो. मुंबई आणि नागपूर यांत सहा अंशांहून थोडा जास्त फरक आहे, म्हणून सुमारे २५ मिनिटे. पण कुर्ला आणि वांद्रे यांत? काही सेकंद. मी कोणत्या गल्लीत, कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर आहे याने वेळेत ढिम्म फरक पडत नाही. अ‍ॅपला हव्यात फक्त तीन गोष्टी: शहराचे नाव, तारीख आणि मसलक. मसलक यासाठी की असरच्या वेळेत फरक आहे. कोकणातला शाफई मुसलमान सावली तिच्या वस्तूएवढी झाली की असर धरतो, हनफी ती दुप्पट होईपर्यंत थांबतो. दोघेही ऐन दुपारची सावली वजा करून मोजतात. फजर आणि इशासाठी आपल्याकडे सूर्य क्षितिजाखाली १८ अंश असतानाची वेळ धरण्याची रीत आहे. हे सगळे शाळेतल्या त्रिकोणमितीचे गणित आहे. साध्यातला साधा फोन इंटरनेट बंद करून पापणी लवायच्या आत ते सोडवतो.

'पण किब्ला?' मुंबईहून किब्ला पश्चिमेच्या सुमारे १० अंश उत्तरेला आहे, नागपूरहून सुमारे ८ अंश. तो रोज बदलत नाही. एकदा पाहून ठेवला की झाले. आणि जीपीएस चालू केले तरी हिशेब तुमचा फोन स्वतःच करतो. उपग्रह फक्त संदेश सोडतात, तुम्ही कुठे आहात हे त्यांना कळतही नाही. तेव्हा ठावठिकाणा फोनच्या बाहेर जातो तो गरज म्हणून नाही, कोणीतरी तो बाहेर नेतो म्हणून.

इथे दुसऱ्या टोकाचे लोक पुढे येतात. ते म्हणतात, बघा, आम्ही सांगतच होतो, हा मोबाईलच फितना आहे, फेकून द्या. त्यांच्याशीही माझे जमत नाही. नमाजासाठी यंत्र वापरणे ही काही काल-परवाची चूष नव्हे. चौदाव्या शतकात दमिश्कच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर हा खगोलशास्त्रज्ञ मुवक्कित, म्हणजे वेळ सांगणारा, म्हणून नोकरीला होता. तिथल्या मिनारासाठी त्याने केलेले सूर्यघड्याळ प्रसिद्ध आहे. उस्तुरलाब, म्हणजे अ‍ॅस्ट्रोलेब, हे त्या काळचे खिशात मावणारे यंत्र. त्यावर सूर्याची उंची मोजून नमाजाची वेळ काढता येई. सोळाव्या-सतराव्या शतकांत लाहोरच्या एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उत्तम उस्तुरलाब घडवले गेले. त्याही आधी, १३७० साली, महेंद्र सूरी या जैन पंडिताने फिरोजशाह तुघलकाच्या आश्रयाने या यंत्रावर संस्कृतात 'यंत्रराज' हा ग्रंथ लिहिला. यंत्राला धर्म नव्हता आणि त्याची कोणाला लाजही नव्हती. पण एक गोष्ट लक्षात घ्या. उस्तुरलाबने वेळ सांगितली आणि तो गप्प बसला. तुम्ही कुठे उभे राहून विचारलेत, हे त्याने कोणत्याही सुलतानाच्या हेराला कळवले नाही. मला हवे आहे ते असे यंत्र. यंत्र नको असे मी म्हणत नाही, चुगलखोर यंत्र नको असे म्हणतो.

आता नेहमीचा सवाल: 'आपल्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?' हा सवाल विचारणारा माणूस रात्री खिडकीचा पडदा ओढतो, पगाराचा आकडा भावाला सांगत नाही आणि मुलीच्या स्थळाची बोलणी शेजाऱ्यांपासून महिनाभर झाकून ठेवतो. त्यात गुन्हा नसतो, फक्त ते त्याचे स्वतःचे असते. ठावठिकाण्याचेही तसेच आहे. विकणारे सांगतात, यात नाव नसते, फक्त एक क्रमांक असतो. पण तो क्रमांक रात्री जिथे झोपतो ते घर, दिवसा आठ तास जिथे असतो ती नोकरी, शुक्रवारी दुपारी जिथे जातो ती मशीद. नाव कशाला हवे? मधल्या वेळेत तो कोणत्या वकिलाकडे गेला, कोणत्या डॉक्टरकडे, कोणत्या सभेला, हेही त्यात आले. २०१८ च्या जानेवारीत 'स्ट्रावा' या व्यायामाच्या अ‍ॅपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावर परदेशांतले अमेरिकी लष्करी तळ उजळून दिसले, कारण सैनिक मनगटावरचे पट्टे बांधून धावत होते. ज्या लष्कराला लपवण्याचे शिक्षण असते त्याचे हे झाले, तर आपली काय कथा?

आणि आपल्याबाबतीत एक जादा गोष्ट आहे. हवामानाचे अ‍ॅप ठावठिकाणा विकते तेव्हा फक्त ठावठिकाणा विकते. नमाजाचे अ‍ॅप तो विकते तेव्हा सोबत धर्मही विकते. ते फोनमध्ये असणे हीच माणसाची नोंद. कोण मुसलमान, तो कोणत्या मोहल्ल्यात राहतो, कधी बाहेर पडतो, अशी यादी करायला पूर्वी कोणाला तरी दारोदार फिरावे लागले असते. आता ती आपणच भरून देतो, तीही रोजच्या रोज. ही यादी आज कोणाकडे आहे एवढ्यावर निभावत नाही, उद्या ती कोण विकत घेईल हा खरा प्रश्न आहे. तो आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते ती न भरणे.

'पण हे फुकट आहे ना,' हे आणखी एक पालुपद. डिसेंबर २०१३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने मोबाईलचा टॉर्च लावणाऱ्या एका अ‍ॅपवर कारवाई केली होती. दिवा लावण्याचे काम करणारे ते फुकट अ‍ॅप लोकांचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना देत होते. दिव्याला पत्ता कशाला लागतो? पण जे विकून पोट भरायचे ते हेच होते. फुकटाची किंमत कोणीतरी भरतोच. कोण भरतो हे दिसत नसेल, तर ते आपणच असतो.

बरे, स्वतःचा ठावठिकाणा देणे ही तुमची मर्जी असे घटकाभर मानू. फोनमधले नंबर मात्र तुमचे नाहीत. खाला, मामू, शाळेच्या बाई, दुकानदार, घटस्फोटासाठी वकील शोधणारी मैत्रीण, या साऱ्यांनी आपला नंबर तुमच्यावर विश्वास टाकून दिला. याला आपल्याकडे अमानत म्हणतात. ती कोणा परक्याला देताना यांच्यापैकी एकाला तरी विचारलेत? दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरू नये, लोकांची टेहळणी करू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. ते फक्त शेजारणीच्या खिडकीपुरते नाही.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर माझा मुद्दा उदाहरणासह छापला आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने नंबरांची यादी मागितली आणि माणसाने होकार दिला, तरी त्या कामाला ती यादी लागत नसल्याने तो होकार तेवढ्यापुरता धरायचा नाही, असे ते उदाहरण सांगते. म्हणजे कामापुरते मागा. तत्त्व उत्तम आहे. पण त्याच कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभाही आहे. तेव्हा कायद्याच्या भरवशावर दार सताड उघडे टाकून झोपण्यात शहाणपणा नाही. कडी आपणच लावायची.

ती लावणे कठीण नाही. नमाजाच्या अ‍ॅपला ठावठिकाण्याची परवानगी नाकारा आणि शहराचे नाव हाताने टाका. हाताने टाकू देत नसेल, तर ते अ‍ॅप काढून टाका. प्रवासात लोकेशन द्यावेच लागले तर 'अंदाजे' एवढेच द्या. २०२० पासून आयफोनवर आणि २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून इतर फोनवर ती सोय आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये जाहिरातीसाठीचा क्रमांक पुसून टाकता येतो, तो पुसा. आयफोनवर अ‍ॅप मागावर राहण्याची परवानगी मागेल तेव्हा नाही म्हणा. नंबर, फोटो, माइक यांची परवानगी नमाजाच्या अ‍ॅपला कधीच देऊ नका. 'एफ-ड्रॉइड'सारख्या ठिकाणी ज्यांचा कोड कोणालाही तपासता येतो अशी अ‍ॅप मिळतात, आणि एखादे अ‍ॅप जाहिराती दाखवत असेल किंवा पाळत ठेवत असेल तर तसे तिथे लिहिलेले असते. अनोळखी अ‍ॅपला इमान वाहण्यापेक्षा ही पाटी वाचणे बरे.

काही गोष्टी मात्र एकट्याने करण्यासारख्या नाहीत. मशिदीच्या कमिट्या वर्षभराचे वेळापत्रक छापतातच. त्याचा स्वच्छ फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला, तर निम्म्या लोकांना अ‍ॅपची गरजच उरणार नाही. कोणी जुम्याला उभे राहून एखाद्या अ‍ॅपची शिफारस करणार असेल, तर ते काय काय मागते हे आधी तपासून मग बोलावे. आणि पुण्या-मुंबईच्या मोठमोठ्या कंपन्यांत बसून साऱ्या जगासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्या मुला-मुलींना माझे सांगणे आहे: इंटरनेटची परवानगीच न मागणारे, शहर विचारून वेळ सांगणारे आणि गप्प बसणारे एक मराठी अ‍ॅप लिहा. गणित सातशे वर्षांपूर्वीचे आहे, नवे काही शोधायचे नाही. मशिदीला पंखा देणाऱ्याचे नाव पंख्यावर लिहितात. हे अ‍ॅप देणाऱ्याचे नाव कुठेही लिहिले नाही, तरी त्याचा सवाब पंख्यापेक्षा कमी असेल असे मला वाटत नाही.